आप्पांचं कच्चं पान

आप्पांच्या टेबलाशी बसून रजिस्टर उघडायचं असेल, तर आधी जवळचं पेन काढून द्यावं लागे. पुरुषांच्या खिशाकडे ते नुसतं बोट दाखवायचे. मला खिसा नव्हता, म्हणून माझ्या पर्सकडे. पहिल्या दिवशी मला वाटलं, माणूस चोरांना भितो. दुसऱ्या दिवशी वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय. तिसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं पेन काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. पेन दिल्याशिवाय रजिस्टर मिळत नव्हतं आणि रजिस्टर मिळाल्याशिवाय माझं काम सुरू होत नव्हतं.

हे ऑफिस एका तंबाखू संघाचं, बेळगावातलं. संघाच्या तंबाखूच्या वखारी निपाणीला आणि संकेश्वरला होत्या, आणि तिथं तंबाखू चाळायला-निवडायला हंगामात बायका लागायच्या. त्या बायकांच्या नेमणुका, हजेऱ्या, नंबर हे सगळं आप्पांच्या ताब्यात. ते आस्थापनेचे हेडक्लार्क. मी नवी टायपिस्ट, निपाणीहून आलेली.

आप्पा उंच, हडकुळे, पिरनवाडीहून सायकलनं यायचे. पँटला लावलेली सायकलची क्लिप दिवसभर काढायचे नाहीत. संध्याकाळी परत लावायचीच आहे, मग काढायची कशाला, असा त्यांचा हिशेब होता. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला एवढंच विचारलं होतं, "कुठली गं तू?"

"निपाणीची. बुद्धविहाराच्या मागं घर हाय आमचं."

"आई-बाप काय करत्यात?"

"बाबा न्हाईत. आई तुमच्याच वखारीत हाय."

त्यांनी चष्मा काढला. "कवापास्नं?"

मी हंगाम सांगितला. मी तेव्हा दुसरीत होते, म्हणून तो पक्का लक्षात होता. आप्पांनी चष्मा पुन्हा लावला आणि मला टाइपरायटर दाखवला. त्यानंतर इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या आईची चौकशी कधी केली नाही.

आप्पांची दोन टेबलं होती. एक खिडकीजवळ, ते वाचायचं. दुसरं भिंतीजवळ, ते लिहायचं. वाचायच्या टेबलावर रजिस्टर उघडायचं, शेजारी सुटा कागद आणि पेन्सिल. रजिस्टरातून जे हवं ते पेन्सिलीनं सुट्या कागदावर उतरवायचं, बेरीज-वजाबाकी, खालीवर जे करायचं ते त्याच कागदावर करायचं. हे कच्चं पान. ते पुरं झालं की रजिस्टर मिटायचं, उचलायचं, चार पावलं चालून लिहायच्या टेबलावर न्यायचं आणि तिथं पेनानं, फक्त कच्च्या पानाकडे बघून लिहायचं. पेन त्या टेबलाच्या पायाला सुतळीनं बांधलेलं होतं आणि सुतळी वाचायच्या टेबलापर्यंत पोचणार नाही एवढीच ठेवलेली होती. आप्पांनी पेनाला दावं लावलंय, असं शिपाईसुद्धा म्हणायचा.

मी रजिस्टर मिटून उठले की ते मान वर न करता विचारायचे, "वाचून झालं?"

"झालं."

"मग लिही."

हे रोज, दर वेळी. मधे काही बोलायची सोय नाही. एखाद्यानं "आप्पा, एकच आकडा बदलायचाय, इथंच खोडतो" म्हटलं, की आप्पा रजिस्टरावर आडवा हात ठेवून बसायचे. सेक्रेटरीसाहेबांच्या समोरसुद्धा त्यांनी असा हात ठेवलेला मी पाहिलाय.

लिहून झालं की कच्चं पान फाडायचं. त्याच दिवशी, त्याच वेळी. तुकडे बाहेर व्हरांड्यात चहाच्या शेगडीत. एकदा कामाच्या घाईत मी एक पान तसंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून लिहायला बसले. मधल्या वेळात संकेश्वरची एक बाई काम सोडून गेली होती, ते माझ्या पानावर नव्हतं. आप्पांच्या ते लक्षात आलं. ते माझ्यावर एवढे चिडलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. "कालचं पान हाय न्हवं हे? कालचं पान आज खोटं बोलतंय गं! फाड आधी!" सगळं ऑफिस बघत होतं. मला रडू आलं, पण रडले नाही. त्यांच्यासमोर रडायचं नाही असं मी ठरवलं होतं.

ही शिस्त ऑफिसापुरती असती तर मी तिला शिस्त म्हटलं असतं. पण आप्पा वर्तमानपत्रातलं शब्दकोडंसुद्धा वर्तमानपत्रात सोडवत नसत. पट्टी घेऊन चौकटी सुट्या कागदावर आखायच्या, तिथं पेन्सिलीनं शब्द भरायचे, आणि सगळं जुळलं की लिहायच्या टेबलावर नेऊन छापील कोड्यात पेनानं उतरवायचं. तोपर्यंत जेवणाची सुट्टी संपायची. मुलीच्या लग्नात त्यांच्या उचगावच्या भावकीतल्या कुणीतरी आमंत्रणाच्या यादीवर परस्पर दोन नावं वाढवली, तर आप्पांनी आख्खी यादी नव्यानं केली. त्यांच्या घरी मी एकदा गेले होते तेव्हा त्यांची बायको, आम्ही त्यांना आक्का म्हणायचो, मला म्हणाल्या, "मी भाजी चिरताना स्टो पेटवला की ह्यास्नी चालत न्हाई बघ. चिरून झालं का, इचारत्यात. झालं म्हटलं की, मग पेटव म्हणत्यात. मी काय संघात नोकरीला हाय व्हय?"

आप्पा आत सुपारी कातरत होते. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

कामगारांची रजिस्टरं इथून पुढं कन्नडमधून ठेवायची असं पत्र आलं, तेव्हा ऑफिसात दोन दिवस वाद चालला. आप्पांना वादात रस नव्हता. आख्खं रजिस्टर उतरवून काढायला मिळणार याचाच त्यांना आनंद झाला होता. एकेका पानाचं कच्चं पान, मग पक्कं. कन्नड अक्षर त्यांचं मराठीपेक्षा सुंदर होतं. तो महिनाभर चहाला जळक्या कागदाचा वास यायचा. जुनी मराठी रजिस्टरं कपाटात गेली आणि कपाटाची किल्ली आप्पांच्या जानव्याला.

मग ऐंशीचं दशक सरत आलं आणि संघात कॉम्प्युटर आला. त्याला वेगळी खोली, वातानुकूलन, जाड पडदे. चपला बाहेर काढून आत जायचं. आप्पांनी दारातून आत बघितलं आणि म्हणाले, "देव बसवलाय जणू." टायपिंग येतं म्हणून मला त्यावर बसवलं. बेंगळूरहून एक इंजिनिअर आला, पोरगेलासा, कन्नड आणि इंग्रजी बोलणारा. त्यानं मला पंधरा दिवसांत मशीन शिकवलं. सगळ्या कामगार बायकांची माहिती मी त्यात भरली: नाव, वखार, कामाला लागल्याची तारीख, नंबर. मशीनमध्ये अशा माहितीला तक्ता म्हणायचं.

आणि नेमकं तेव्हाच संघानं ठरवलं की निपाणीच्या वखारीतल्या पहिल्या शंभर बायकांना कायम करायचं. नंबर म्हणजे कामाला लागल्याचा क्रम. जी आधी लागली तिचा नंबर आधी. हंगाम सुरू होताना दारात मुकादमीण त्याच क्रमानं पुकारा करायची. कायम झालं म्हणजे पुकाऱ्यासाठी उभं राहायला नको. हंगाम संपला तरी काम, आजारपणात रजा, म्हातारपणी थोडीफार पेन्शन. माझ्या आईला तेव्हा खोकला लागलेला होता. तोंडाला फडकं बांधूनही तंबाखूची धूळ आत जायचीच. तिच्यासाठी कायम होणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

यादी मशीनवर करायची ठरली, कारण वर्षानुवर्षं बायका गळत गेल्या होत्या आणि जुने नंबर विस्कळीत झाले होते. मी मशीनला हुकूम दिला. अर्थ असा, की प्रत्येक बाईच्या आधी तिच्या वखारीत किती जणी लागल्या ते ह्याच तक्त्यात मोज, त्यात एक मिळव, आणि तो नंबर तिच्या नावापुढं लिही.

मशीननं नकार दिला. एका ओळीचा नकार. ज्या तक्त्यात लिहायचंय त्याच तक्त्यातून त्याच हुकुमात वाचता येणार नाही.

इंजिनिअरनं दोन दिवस वेगवेगळ्या तऱ्हेनं तोच हुकूम देऊन पाहिला. मशीन दर वेळी तेच म्हणे. शेवटी वैतागून त्यानं दुसराच मार्ग काढला. जुनेच नंबर धरायचे आणि गेलेल्या बायकांची यादी घेऊन एकेक करून सरकवायचं. समजा बारा नंबरची गेली, तिच्या खालच्या सगळ्या एकेकानं वर. चाळीस नंबरची गेली, तिच्या खालच्या पुन्हा एकेकानं वर. मशीननं हे मुकाट केलं. छापील यादी आली. इंजिनिअर खूश. मी यादी आप्पांकडे नेली.

आप्पांनी पेन माझ्याकडून काढून घेतलं आणि यादीवरून बोट फिरवलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. "हे बघ. ह्या दोघींचा एकच नंबर हाय. आणि ह्यो नंबर तर कुणालाच न्हाई." मग ते जरा वेळ यादीकडे बघतच राहिले. "कसं केलं त्यानं?"

मी सांगितलं.

"चाळीस हा नंबर कुठला? जुन्या यादीतला न्हवं? आणि बाराची गेल्यावर खालच्या सगळ्यांचे नंबर नवे झाले. मग चाळीसच्या खालची म्हणजे कुठल्या चाळीसच्या खालची? जुन्या का नव्या?" त्यांनी यादीवर बोट आपटलं. "जुनं नि नवं एकाच पानावर मिसळलं त्यानं."

मी म्हटलं, "पण आप्पा, आधी मी सरळ हुकूम दिलता. मशीनच न्हाई म्हटलं. वाचायचं नि लिहायचं एकाच तक्त्यात जमत न्हाई म्हणं."

आप्पांनी माझ्याकडे मान वळवली. "मशीन न्हाई म्हटलं?"

"व्हय."

"शाणं हाय मशीन," ते म्हणाले. "मला कोण न्हाई म्हटलं न्हाई."

त्यांनी यादी घडी करून माझ्या हातात दिली. "मशीनमधी दुसरं पान असतंय का? कच्चं?"

नसतं कसं? मी परत गेले आणि एक दुसरा तक्ता उघडला. त्याला नाव दिलं 'कच्चा', इंग्रजी अक्षरांत, कारण मशीनला दुसरी अक्षरं येत नव्हती. मूळ तक्ता नुसता वाचायचा, मोजायचं, आणि प्रत्येक बाईचा नवा नंबर 'कच्चा'मध्ये टाकायचा. ते पुरं झालं की मग मूळ तक्त्यात लिहायचं, पण 'कच्चा'कडे बघून. मशीननं एकदाही तोंड वाकडं केलं नाही. आप्पा चपला काढून आत आले होते आणि माझ्या खुर्चीमागं उभे होते. काम संपलं तसं ते म्हणाले, "आता फाड." मी 'कच्चा' पुसून टाकला. इंजिनिअरनं कन्नडमध्ये विचारलं, "हे कॉम्प्युटर कुठं शिकले?" मी सांगितलं, खिडकीजवळ.

निपाणीची यादी त्या संध्याकाळी छापून आली. एकही नंबर दुबार नाही, एकही गाळलेला नाही. मी आधी आईचं नाव शोधलं. शंभर. बरोबर शंभर. मी ओळीला बोट लावून दोनदा बघितलं. आप्पांनी दुसरी प्रत मागितली आणि ती घडी करून घरी नेली. आप्पांनी ऑफिसातला कागद घरी नेलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, पण त्या आनंदात ते माझ्या ध्यानात आलं नाही.

रविवारी निपाणीला जाऊन आईला सांगितलं. आई उठली. डब्यातली साखर वाटीत काढली आणि शेजारच्या चार घरी देऊन आली.

सोमवारी दुपारी आप्पांनी मला वाचायच्या टेबलाशी बोलावलं. टेबलावर कपाटातलं एक जुनं मराठी रजिस्टर होतं. त्यावर एक चिठ्ठी, पिवळी पडलेली, घडीवर झिजलेली. तीवर दोनच आकडे: १२ आणि ४०. खाली निपाणीच्या जुन्या मुकादमिणीचा अंगठा.

"ही मी फाडली न्हाई," आप्पा म्हणाले. "बाकी समदी फाडली. ही न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. सत्तरच्या दशकातली गोष्ट, आप्पा तेव्हा निपाणीच्या वखारीत तात्पुरते कारकून. त्या हंगामाआधी दोन बायका कमी झाल्या होत्या. बारा नंबरची वारली होती, चाळीस नंबरची मुलीकडे कायमची गेली होती. मुकादमिणीनं कुणाकडून तरी नुसते नंबर लिहून घेऊन, खाली अंगठा देऊन चिठ्ठी पाठवली. आप्पा पेन हातात घेऊन रजिस्टरावरच बसले. बारावं नाव खोडलं. खालच्या सगळ्यांचे नंबर एकेकानं वर घेतले. मग चिठ्ठीत बघितलं, चाळीस. रजिस्टरात चाळीस शोधला आणि ते नाव खोडलं. पण तोवर रजिस्टरातला चाळीस नवा झाला होता. चिठ्ठीतली चाळीस नंबरची बाई एकोणचाळीसवर सरकली होती, आणि खोडली गेली ती मूळची एक्केचाळीस.

"चंपाक्का," आप्पा म्हणाले.

चंपाक्का आमच्या पलीकडच्या गल्लीत राहायची. बुटकी, तोंडात कायम पान, हसायला लागली की थांबायची नाही. मी तिला लहानपणापासून ओळखत होते.

"आठ दिवस दारात उभी हुती ती. पुकाऱ्यात तिचं नाव येईना. मला चौथ्या दिवशी कळलं. तवर यादीवर सही हुन ती बेळगावला गेलती. सही झालेल्या यादीत चूक केली म्हटलं असतं, तर माझी तात्पुरती नोकरी गेली असती. गप बसलो. फुडल्या हंगामाला तिला परत घेतलं, नवी म्हणून. शेवटचा नंबर." त्यांनी मशीनची यादी उघडली. "आता एकशेआठला हाय ती. मशीननं बरोबर मोजलंय. तारीखच खोटी हाय, माझी. खरी तारीख घातली तर सत्तावीसावर जाती."

मला गणित करायला वेळ लागला नाही. चंपाक्का सत्तावीसवर गेली, की तिथून पुढच्या ऐंशीएक बायका एकेक नंबर खाली येणार. त्यातल्या एकीलाच त्याचा फरक पडणार होता.

"शंभरावर कोण हाय, बघितलंयस न्हवं?"

"बघितलंय."

"मी पण बघितलंय," आप्पा म्हणाले. "चूक झाली ह्याला कपाटात ह्या चिठ्ठीबिगर दुसरा पुरावा न्हाई."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले आणि आप्पा चहाला गेले. ते रोजच चार वाजता चहाला जायचे. त्या दिवशी त्यांनी मुद्दाम तसं केलं की चार वाजले म्हणून गेले, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी त्या टेबलाशी एकटी बसले. समोर चिठ्ठी. फाडायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. इतकी वर्षं रोज संध्याकाळी मी तेच करत होते. शेगडी दाराबाहेर होती. मला आप्पांचा भयंकर राग आला. इतकी वर्षं गप्प बसलात, तर आणखी तीन महिने, निवृत्त होईपर्यंत, गप्प बसायला काय झालं होतं? तुमची चूक, आणि किंमत माझ्या आईच्या खोकल्यानं द्यायची? तो राग पुढं कितीतरी वर्षं माझ्या मनात राहिला, कारण कायम करायची ती योजना पुन्हा आलीच नाही आणि आई शेवटपर्यंत हंगामीच राहिली. थोडा राग अजून आहे. पण चिठ्ठी हातात घेतल्यावर मला तो अंगठा दिसला, खालच्या रजिस्टरावरचं साल दिसलं आणि त्यावरून आठवलं की आई ज्या हंगामात कामाला लागली, तो हाच हंगाम. मी रुजू झाले त्या दिवशी आप्पांनी चष्मा का काढला होता, ते मला तेव्हा कळलं. मी चिठ्ठी जिथं होती तिथं परत ठेवली.

आप्पा आले. चिठ्ठीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वाचून झालं?"

"झालं."

ते भिंतीजवळच्या टेबलाशी गेले, खाली वाकले आणि सुतळीची गाठ सोडायला लागले. गाठ जुनी होती, सुटेना. शेवटी दातांनी सोडली. मोकळं पेन त्यांनी माझ्या हातात दिलं.

"मग लिही."

सेक्रेटरीच्या नावे पत्र त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. सेक्रेटरीसाहेबांनी त्यांना समजावलं, "आप्पा, तीन महिने राहिलेत. कशाला जुनं उकरताय?" आप्पा म्हणाले, "तीन महिनेच राहिलेत म्हणून." त्यांच्या सेवापुस्तकात शेरा पडला, निरोपसमारंभ रद्द झाला. शाल आधीच आणलेली होती, ती पुढं दुसऱ्या कुणाच्या तरी निवृत्तीला वापरली. मी मशीनमध्ये एक तारीख बदलली, पुन्हा 'कच्चा' तक्ता केला, मोजलं, मूळ तक्त्यात उतरवलं आणि 'कच्चा' पुसून टाकला. ह्या वेळी "आता फाड" म्हणायला आप्पा खोलीत आले नाहीत.

यादी निपाणीला आप्पा स्वतः घेऊन गेले. मीही त्याच एसटीत होते, पण आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो होतो. आईला मी काही सांगितलं नव्हतं. धीरच झाला नव्हता. सकाळी वखारीच्या दारात सगळ्या बायका जमल्या आणि मुकादमीण नावं वाचायला लागली. सत्तावीसला चंपाक्काचं नाव आलं तेव्हा आधी कुणाला खरं वाटेना, मग एकदम गलका झाला. आई ऐकत होती. शंभरावं नाव आलं, ते तिचं नव्हतं, आणि मुकादमिणीनं कागदाची घडी घातली.

आप्पा सरळ चंपाक्कापुढं जाऊन उभे राहिले. "चंपाक्का, त्या हंगामाला तुझं नाव मी खोडलंतं. चुकून. चूक माझी हुती."

"म्हाईत हाय की," चंपाक्का म्हणाली.

आप्पा गोंधळले. "तुला कसं म्हाईत?"

"तवापास्नं माझ्याकडं बघून बोलला न्हाईसा तुमी. समद्या बायकास्नी नावानं हाक मारायचासा. मला नंबरानं."

"मग इचारलं का न्हाईस?"

"तुमीच सांगशीला म्हटलं." चंपाक्कानं पान थुंकून तोंड पुसलं. "लई येळ लावलासा."

आप्पांनी मान हलवली. मग ते एसटी स्टँडच्या दिशेनं चालायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना सायकलीशिवाय रस्त्यानं चालताना पहिल्यांदाच पाहत होते.

आई भिंतीच्या कडेला फडक्याची घडी करत उभी होती. मी तिच्याजवळ गेले.

"आई, यादी मीच केली."

"मशीन तूच चालवतीस न्हवं? मग आणि कोण करणार?"

"चंपाक्काची तारीख मी बदलली. म्हणून तू..."

"माझं नाव खोडलंस?"

"न्हाई. एक नंबर खाली आलीस."

"मग खोडलं न्हाई न्हवं." ती खोकली. खोकला थांबेपर्यंत तिनं माझ्या खांद्याला धरलं. मग म्हणाली, "आठ दिवस हितंच उभी हुती चंपाक्का. ह्याच भिंतीला. नवव्या दिवशी मला आत घेतलं, जागा रिकामी हाय म्हणून. आत जाताना ती माझ्याकडं बघत हुती. मी मान खाली घातली ती घातलीच. एका पाटावर बसून तंबाखू निवडला आमी इतकी वरसं, पर मान काय वर हुत न्हवती बघ."

पलीकडे चंपाक्का बायकांच्या घोळक्यात हसत होती. आईनं तिच्याकडे बघितलं, चांगलं मान वर करून, आणि चंपाक्कानं हात उंच करून तिला हाक मारली. आईनं तोंडाला फडकं बांधलं, मागं गाठ मारली, आणि ती तिच्याबरोबर आत कामाला गेली.